साडेतीन मिलिमीटर

शुक्रवारी रात्री ड्रोनच्या पंखाचा आकार शोधायचा कॉम्प्युटर रन लावून घरी गेले, शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर एल बाय डी (लिफ्ट भागिले ड्रॅग, म्हणजे उचल भागिले हवेचा विरोध, जितका जास्त तितका चांगला) ९७! मूळ आकार नाका (NACA) २४१२, पंखाचा एक ठरलेला आकार, त्याचा आमच्या स्पीडला ६६ येत होता, म्हणजे मी खुर्चीतून उठून एकटीच नाचले आणि लगेच सरांना स्क्रीनशॉट पाठवला. घाई झाली, पण ते नंतर कळलं.

आम्ही बेंगळुरूत छोटे ड्रोन बनवतो, आणि माझं काम पंखाच्या सेक्शनचं, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणाऱ्या आकाराचं. फ्लॅपला, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या भागाला, बिजागरी न ठेवता पंखाचा शेपटीकडचा भाग सलग वाकवायचा, याला मॉर्फिंग म्हणतात. कल्पना जुनीच आहे, राइट बंधूंनी १९०३ मध्ये अख्खा पंख पिळूनच विमानाचा तोल सांभाळला होता, आणि २०१४ मध्ये नासाने गल्फस्ट्रीमवर बिनफटीचा वाकणारा फ्लॅप उडवून दाखवला.

माझी पद्धत साधी, आकार सीएसटी नावाच्या सूत्राने बारा आकड्यांत मांडायचा, जेनेटिक अल्गोरिदम (चांगले आकार निवडून त्यांच्यातून पुढची पिढी काढणारा प्रोग्राम) ते आकडे हलवत राहतो आणि प्रत्येक आकार एक्सफॉइल या हवेचा हिशोब करणाऱ्या प्रोग्राममधून जातो. एक्सफॉइल मार्क ड्रेलांनी एमआयटीत १९८६ साली लिहिलं, माझ्यापेक्षा वयाने मोठं, पण एका कोनाचं उत्तर सेकंदात देतं, सीएफडीत (हवेच्या प्रवाहाच्या सविस्तर गणितात) तेवढ्या वेळात मेश, म्हणजे हिशोबाची जाळीसुद्धा होत नाही. ६० आकार, ८० पिढ्या, म्हणजे रात्रीत ४८०० पंख तपासून झाले.

दुपारी वर्कशॉपला दोन रिब (पंखाला आतून आकार देणारे तुकडे) प्रिंट करून दिले, एक सरळ, एक वाकलेला, कॉर्ड, म्हणजे पुढून मागेपर्यंतची रुंदी, २५० मिमी. तिथे आमचे बेळगावचे काका आहेत, कार्बनचं सगळं लेअप, म्हणजे थरावर थर लावायचं काम, त्यांच्याच हातचं. त्यांनी काही न बोलता सरळ रिबवर स्पारच्या (पंखातल्या लांब आडव्या दांड्याच्या) खाचेपासून शेपटीच्या टोकापर्यंत वरच्या बाजूने मास्किंग टेप लावली, टोकाला कापली, सोडवली आणि तीच वाकलेल्या रिबवर लावली. टेप टोकाच्या आधीच संपली. पट्टी लावून मोजलं, साडेतीन मिलिमीटर कमी.

"ताई, एवढं कातडं कुठनं आणायचं?"

मी गप्पच. स्पारच्या मागे कातडं, म्हणजे पंखावरचं कार्बनचं आवरण, जेमतेम १७५ मिमी, त्यात साडेतीन म्हणजे २ टक्के ताण, आणि कार्बन त्याच्या आधीच तुटतं. अल्गोरिदमला मी जाडी सांगितली होती, लिफ्ट सांगितली होती, पण कातडं ताणता येत नाही हे सांगायचंच राहिलं होतं, आणि त्याला काय, त्याने बिनधास्त रबराचा पंख काढला.

तेवढ्यात काकांचं बोट वरच्या बाजूला मधेच थांबलं. "हितं जरा उंचवटा हाय, घासून काढू का?"

तो उंचवटा माझा नव्हता, ऑप्टिमायझरचा, म्हणजे त्या अल्गोरिदमचा होता. मी एकाच लिफ्टला, म्हणजे लिफ्टचा गुणांक ०.९ असताना, ड्रॅग कमी कर म्हटलं होतं, मग त्याने त्या एका स्थितीत पंखापासून सुटलेल्या हवेचा बुडबुडा जिथे बसतो बरोबर तिथेच टेकडी उभी केली होती. ०.७ ला चालवून बघितलं तर आकडा धाडकन खाली. या खोडीबद्दल ड्रेलांनी स्वतः १९९८ मध्ये लिहून ठेवलंय, मी एम.टेकला वाचलंही होतं, वर अंडरलाइन करून!

रविवार त्यातच गेला. वरच्या कातड्याची स्पारपासूनची लांबी मूळ आकाराइतकीच राहिली पाहिजे अशी अट घातली, खालचं कातडं शेपटीजवळ कापून आत सरकेल असं ठेवलं (फट राहते, काकांना ती अजिबात आवडलेली नाही), आणि एका लिफ्टऐवजी ०.५, ०.७, ०.९ अशा तिन्हींची सरासरी घेतली. परत रात्रभर रन. नवीन रिब प्रिंट झाल्यावर काकांच्या आधी मीच टेप लावून बघितली, टोकाला टोक बसलं.

०.९ ला आता ७३ येतो. सर म्हणाले, "फक्त?"

मंगळवारच्या पीपीटीत चौथ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात ९७ लिहिला होता, तो पुसून ७३ केला, फॉन्ट मात्र तेवढाच ठेवला.