१:३५० ‘न्यू जर्सी’: हलचा आकार दुरुस्त करताना

युद्धनौकेच्या मोठ्या प्लॅस्टिक मॉडेलमध्ये तोफा, रडार, कठडे हे सगळं पुढे कधीही बदलता येतं. हलचं, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाचं, तसं नाही. डेक बसला, रंग लागला की तो आकार कायमचा. म्हणून अमेरिकन नौदलाच्या आयोवा वर्गातल्या ‘न्यू जर्सी’चं १:३५० किट हातात आल्यावर बाकीचे साचे पिशवीतच ठेवले आणि आधी नुसता हल मोजायला घेतला. सोलापुरात बसून हे काम कसं केलं, कोणतं साहित्य इथंच मिळालं आणि कुठे काळजी घ्यावी लागते ते लिहितो.

मूळ जहाज २७०.५ मीटर लांब आणि ३२.९७ मीटर रुंद आहे. ३५० ने भागलं की ७७३ मिमी आणि ९४.२ मिमी. किटची लांबी जवळजवळ बरोबर होती, पण मधली रुंदी ९६.१ मिमी भरली. दोन मिलिमीटरनं काय होतंय असं वाटेल. पण ही रुंदी ठरलीच मुळी पनामा कालव्याच्या ११० फुटी लॉकवरून, आणि तो लॉक याच प्रमाणात ९५.८ मिमी येतो. म्हणजे किटमधलं जहाज कालव्यात शिरलंच नसतं.

इथे लगेच घासायला घेऊ नका. हलची भिंत पातळ असते. आतल्या आडव्या पट्ट्या थोड्या लांब असल्या तरी ती बाहेर फुगते, आणि पट्ट्या नसल्या तर आत वळते. पट्ट्या न लावता हल मोजला तर मध्यभागी ९३.५ भरला. याचा अर्थ चूक पट्ट्यांची होती. किटच्या पट्ट्या बाजूला ठेवून २ मिमी पॉलिस्टायरीन शीटच्या नवीन आडभिंती कापल्या, साधारण १०० मिमी अंतरावर एक. प्रत्येकीची रुंदी म्हणजे त्या जागेची बाहेरची रुंदी वजा दोन्ही बाजूंच्या भिंतींची जाडी. मधला प्रश्न तिथेच मिटला.

खरं काम नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, होतं. वरून पाहिलं तर आयोवा वर्गाचा आकार बाटलीसारखा आहे: पुढे लांब, निमुळती मान आणि पहिल्या-दुसऱ्या तोफघुमटाच्या आसपास रुंद होणारे खांदे. किटमध्ये डेकची कड बरोबर होती, त्यामुळे वरून चूक दिसतच नव्हती. हल उलटा केल्यावर कळलं की पाणरेषेपाशी मान जाड आहे. खऱ्या जहाजात बाजू डेककडून खाली येताना आत वळते. किटमध्ये ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ उतरत होती.

हे नजरेनं ठरवू नये, फरमे, म्हणजे छेदाच्या आकाराचे मापाचे तुकडे, करावेत. या वर्गात फ्रेममधलं, म्हणजे हलच्या आतल्या फासळ्यांमधलं, अंतर ४ फूट आहे आणि ८६० फुटांच्या पाणरेषेवर ० ते २१५ अशा फ्रेम मोजतात. १:३५० मध्ये एक फ्रेम ३.४८ मिमी, दहा फ्रेम ३४.८ मिमी. पुढच्या भागात दर दहा फ्रेमला एक छेद घेतला, मधे दर तीसला, मागे पुन्हा दर दहाला. जहाजाच्या नकाशाची प्रिंट काढताना दुकानदाराला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा आणि आल्यावर शंभर फ्रेमची लांबी मोजा. ती ३४८.३ मिमी यायला हवी. आडवी आणि उभी दोन्ही मापं तपासा, कारण मोठा कागद मशीनमधून ओढला जाताना एकाच दिशेनं ताणला जातो.

फरमे १ मिमी शीटचे, अर्ध्या छेदाचे, आतली कड नेमकी कापलेले. तोच फरमा उलटून दुसऱ्या बाजूला वापरायचा, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या राहतात. हल उलटा टेकवायला ८ मिमी काच कापून आणली, तिच्यावर मध्यरेषा आणि फ्रेमच्या रेषा मार्करनं आखल्या. लाकडी फळी उन्हाळ्यात वाकते, काच वाकत नाही. फरमा काचेवर गुण्याला लावून हलकडे सरकवायचा. त्याच्या आतल्या कडेला मऊ पेन्सिल घासून ठेवली की हल जिथे उंच आहे तिथे शिसं उमटतं. मागून टॉर्च धरली की खळग्यातून उजेड दिसतो.

पाण्याखालच्या भागासाठी फोटोंचा मोठा आधार आहे. २०२४ मध्ये ‘न्यू जर्सी’ फिलाडेल्फियाच्या सुक्या गोदीत होती, त्या वेळचे फोटो आणि व्हिडिओ भरपूर आहेत. पण वाईड लेन्सचा फोटो मापासाठी वापरू नका, त्यात नाळ आहे त्यापेक्षा फुगीर दिसते. लांबून काढलेला फोटो घ्या आणि त्यातून वळण समजून घ्या. माप मात्र नकाशातूनच.

फरम्यांप्रमाणे फ्रेम २० ते ६० या पट्ट्यात पाणरेषेपाशी प्रत्येक बाजूनं दीड मिलिमीटरपर्यंत प्लॅस्टिक काढायचं होतं. भिंतीची जाडीच १.८ मिमी. सरळ घासलं असतं तर भोक पडलं असतं, म्हणून आधी आतून भर घातली. एपॉक्सी पॉलिस्टायरीनला वरवरच चिकटते. ती धरून राहावी म्हणून आत १.५ मिमीच्या उभ्या पट्ट्या मॉडेलच्या सिमेंटनं जोडल्या, जवळजवळ, बोटभर अंतरानं. सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे पट्टी आणि भिंत एकच होते. मग मधल्या खणांत एम-सील (हीच ती एपॉक्सी) दाबून भरली. आतली बाजू आधी ८० नंबरच्या पेपरनं खरवडलेली हवी. थर दोन मिलिमीटरचे, एक पक्का झाल्यावर दुसरा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी पारा चाळिशीपार जातो तेव्हा मिसळलेली एम-सील हातातच घट्ट व्हायला लागते. हे काम सकाळी लवकर करा आणि एका वेळी लिंबाएवढीच मळा. दुपारी हल गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका, पातळ भिंत वाकते.

किती घासलं हे कसं कळायचं? प्रत्येक फ्रेमरेषेवर, फरम्यानं दाखवलेल्या खोलीइतकी भोकं पाडली. १ मिमी ड्रिल, त्याच्यावर टेप गुंडाळून खोली ठरवलेली: फ्रेम ३० ला पाणरेषेवर १.४ मिमी, त्याच्या वर १० मिमीला ०.८, डेकजवळ शून्य. भोकाच्या तळाशी सीडी मार्करचा ठिपका लावला. मग घासायला सुरुवात. भोक उथळ होत जातं, शेवटी तळाचा निळा ठिपका तेवढा उरतो. तो पुसट झाला की हात थांबवायचा. शेजारचे ठिपके एकाच वेळी पुसट होत असतील तर वळण बरोबर चाललंय असं समजा. एक लवकर गेला आणि शेजारचा गडद राहिला तर हात एका जागी जास्त चालतोय.

ठोकळा लांब हवा, निदान १५० मिमी. छोट्या ठोकळ्यानं लाटा तयार होतात आणि त्या चकचकीत रंगाखाली फार वाईट दिसतात. हात तिरका चालवा, एकदा या कर्णावर, एकदा त्या. पेपर १२०, मग २४०, ४००, ६००. ४०० पासून पुढे ओलं घासा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे नळाखाली घासणं परवडत नाही. एक बादली आणि जुन्या टॉवेलचा तुकडा पुरतो. कोरडं घासताना मास्क हवाच.

डेकखालचा ५ मिमी पट्टा मी हातही न लावता सोडला, नाहीतर डेक बसत नाही. त्यावर मास्किंग टेपचे तीन थर दिले. नांगराजवळचे उठाव आधीच ब्लेडनं अलगद कापून डबीत ठेवले होते, ते शेवटी परत चिकटवले.

घासताना काही ठिकाणी प्लॅस्टिक संपून एम-सील उघडी पडते. ती प्लॅस्टिकपेक्षा कडक असते, त्यामुळे पेपर शेजारचं प्लॅस्टिक जास्त खातो आणि सांध्याला कंगोरा राहतो. कितीही घासलं तरी तो जात नाही, उलट वाढतो. उपाय म्हणजे दोन्हींवर एकाच वस्तूचा पातळ थर देणं. फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून पसरली आणि तासाभरात घासली. रात्रभर ठेवली तर तीही दगडासारखी होते. गाड्यांच्या पेंटरकडची हार्डनरवाली पॉलिएस्टर लांबी (पुट्टी) बारीक खळग्यांसाठी उत्तम आहे, पण पातळच. जाड थरातलं द्रावक पॉलिस्टायरीन मऊ करतं आणि ती तापतेही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी मी मोठ्या भागावर वापरतच नाही, ती वाळताना बसते.

साइनबोर्डच्या दुकानातलं सनबोर्ड शीट म्हणून चालेल का? आडभिंतीसाठी चालेल, पण ते फोम पीव्हीसी असतं, त्यावर पॉलिस्टायरीनचं सिमेंट धरत नाही. फेविक्विक लावावं लागतं. बाहेरच्या कातडीसाठी पॉलिस्टायरीनच घ्या, ऑनलाइन मागवावं लागलं तरी.

मागची बाजू वेगळी आहे. आतल्या दोन शाफ्टभोवती (पंखे फिरवणाऱ्या दांड्यांभोवती) स्केग, म्हणजे हलमधूनच खाली उतरलेले दोन पडदे, आणि त्यांच्यामध्ये बोगदा. किटमध्ये बोगदा उथळ आणि पडदे जाड होते. पुन्हा आधी आतून भर, मग गोल कानस आणि काठीला गुंडाळलेला पेपर. तपासणीसाठी कार्डाच्या चकत्या कापल्या: आतला पाच पात्यांचा पंखा १७ फूट, म्हणजे १४.८ मिमी, बाहेरचा चार पात्यांचा १८ फूट ३ इंच, म्हणजे १५.९ मिमी. चकती शाफ्टवर बसवून फिरवली आणि ती हलला घासली, तर एकतर तिथलं वळण चुकलंय किंवा शाफ्टचा कोन. मी शाफ्ट कायमचे चिकटवण्याआधी चारही चकत्या मोकळ्या फिरतात ना ते पाहिलं, आणि मग आतल्या पंख्यांच्या मागे दोन सुकाणू बसवले.

शेवटी राखाडी प्रायमर आणि त्यावर काळ्या स्प्रेचा नुसता शिडकावा. ६०० च्या ओल्या पेपरनं लांब ठोकळा फिरवला की उंच जागा राखाडी होतात, खळग्यात काळे ठिपके राहतात. तेवढ्याच जागी लांबी, पुन्हा शिडकावा. काळं कुठेच उरलं नाही की सगळे फरमे परत लावून बघा. माझ्या हलमध्ये फ्रेम ४० ला डाव्या बाजूनं ०.२ मिमीची फट उरली आहे, या प्रमाणात ७ सेंटिमीटर. ती तशीच ठेवली. बिल्ज कील, म्हणजे हलच्या खालच्या वळणावरची लांब पट्टी, मात्र फरम्यांची तपासणी संपल्यावरच लावा. आधी लावली तर फरमा हलला टेकतच नाही.