तुमचेच ना ते इंग्रज?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, विरार लोकलमध्ये विचारलंत, एकदा तर रेशनच्या रांगेत विचारलंत. आडनाव कळलं की दोन मिनिटांत येतोच प्रश्न: "म्हणजे इंग्रजांच्या राज्यात तुमची चंगळ असेल नाही? तुमचेच ना ते?"

आम्ही वसईचे कॅथलिक ख्रिस्ती. पोर्तुगीज, चिमाजी अप्पा, १७३९ हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे, ते सोडून देऊ. मला फक्त 'तुमचेच' या शब्दाशी भांडायचंय. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले, आणि हा एक शब्द काही निवृत्त होईना.

इंग्रज आमचे नव्हते. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. इकडे आमच्या गावांना पोर्तुगीज क्रूस देत होते तेव्हा तिकडे इंग्लंडात क्रूस लपवायची वेळ आली होती. रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्या कॅथलिकाला १५८१ पासून महिना वीस पौंड दंड. चांगल्या कारागिराची वर्षाची कमाईही तेवढी नसे. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेऊन आलेला पाद्री राजद्रोही ठरला, त्याला घरात थारा देणाऱ्याला फाशी. यॉर्कमध्ये मार्गारेट क्लिदरो नावाची खाटकाची बायको होती. पाद्र्यांना लपवल्याचा आरोप आला, पण खटला चालला असता तर पोटच्या पोरांना साक्षीला उभं केलं असतं, म्हणून तिने आरोपावर तोंडच उघडलं नाही. १५८६ मध्ये तिला जमिनीवर निजवून अंगावर दार ठेवलं आणि त्या दारावर वजनं रचत गेले, जीव जाईपर्यंत.

हे 'आमचे'.

एवढं सांगितलं की लोक गप्प होतात. पूर्वी मीही इथेच थांबत असे. गप्प केलं की उत्तर दिलं असं मला वाटायचं.

पण माझा जीव खरा अडकलाय तो यानंतर सतराएक वर्षांनी आलेल्या दीड-दोन वर्षांत. मार्च १६०३ मध्ये एलिझाबेथ राणी गेली आणि स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. त्याची आई मेरी कॅथलिक होती आणि एलिझाबेथच्याच सहीने तिचं डोकं उडवलं गेलं होतं. बायकोही मनातून कॅथलिक, अशी कुजबुज होती. नॉर्दम्बरलंडच्या अर्लला त्याने आधीच पत्रातून कळवलं होतं की जे गुमान राहतील, कायद्याला वरवर तरी मान देतील, त्यांचा छळ मी करणार नाही. वरवर तरी! भिजलेल्या माणसाला एवढी वळचणही पुरते. कॅथलिकांनी त्याच्यापुढे विनंतीपत्र ठेवलं. त्यातली मागणी वाचताना माझा घसा अजून दाटतो, इतकी ती लहान आहे: चर्चमध्ये नको तर नको, घरात तरी उपासना करू द्या, पसंत नसेल तर राहू दे, चालवून घ्या. जुलैमध्ये राजाने बड्या कॅथलिकांना बोलावून दंड माफ होईल असं सांगितलंही.

आणि मग फेब्रुवारी १६०४ मध्ये फर्मान निघालं, सगळ्या पाद्र्यांनी देश सोडावा. त्याच वर्षी पार्लमेंटने जुने कायदे पुन्हा पक्के केले, आणि वर्ष सरता सरता दंडाची वसुलीही सुरू झाली.

आमच्या बाजूचं खोटं नाणंही दाखवते, नाहीतर तुम्ही दाखवालच. विल्यम वॉटसन नावाचा एक पाद्री आशेने जेम्सला भेटून आला होता; मनासारखं होईना म्हणताच त्याने १६०३ मध्येच राजाला पकडून न्यायचा बेत रचला. त्याची खबर सरकारपर्यंत पोचवणाऱ्यांत खुद्द आमचेच पाद्री होते. म्हणजे राजाला कॅथलिकांचा संशय आला तो अगदी हवेतून आला असं मला म्हणता येत नाही. पूर्वी मी म्हणत असे.

आता टॉमस पाउंड. हा माणूस तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण माझ्या घरातला असल्यासारखा मला तो माहीत आहे. तरुणपणी एलिझाबेथच्या दरबारातला नटवा सरदार, नाचात पटाईत. एका नाताळच्या जलशात गिरकी घेताना आपटला, आणि राणीने त्याला लाथ मारून "उठा, बैलराव!" अशा अर्थाचं काही म्हटलं अशी कथा आहे. दरबार हसला. पाउंड उठला आणि दरबार सोडून गेला तो धर्माकडेच वळला. कथा किती खरी देव जाणे. पुढचं मात्र पक्कं आहे. त्याला एका तरुण मित्राबरोबर रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचा माणूस, व्हायचं होतं. मित्राने म्हणे त्याचा नोकर बनून त्याच्याबरोबर फिरायचं. निघण्याआधीच पाउंड पकडला गेला, आणि या तुरुंगातून त्या तुरुंगात अशी त्याची जवळजवळ तीस वर्षं गेली. मित्र एकटाच रोमला पोचला. १५७८ मध्ये त्याने तिथल्या वरिष्ठांकडे रदबदली केली: माझा सोबती तुरुंगात आहे, त्याला तिथूनच आपल्या संघात घ्या. घेतलं.

तो मित्र म्हणजे टॉमस स्टीफन्स. होय, आपले फादर स्टीफन्स. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसले, ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरले, चाळीस वर्षं इथेच राहिले आणि इथेच वारले. मराठी भाषा दिनाला आपण ज्यांच्या ओव्या फलकावर लिहितो ते इंग्लंडातून परागंदा झालेले कॅथलिक होते, हे मी वर्गात सांगायची तेव्हा पोरं मान वर करून बघायची. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं.

इकडे पाउंड जेम्सच्या येण्याने सुटला होता. पासष्टीचा म्हातारा, अर्ध्याच्या जवळपास आयुष्य कोठडीत गेलेलं. आता कोणीही शहाणा माणूस बेलमाँटच्या आपल्या घरात शेकोटीजवळ बसला असता. याने १६०४ मध्ये राजाकडे अर्ज केला. स्वतःसाठी काही मागितलं नाही. लँकेशायरात न्यायाधीश कॅथलिकांशी कसे वागतात, हे नव्या राजाच्या कानावर घालायचं, एवढंच. मला वाटतं त्याचा खरोखर विश्वास होता की राजाला हे माहीतच नाही. आपल्याकडेही असतात अशी माणसं. साहेब चांगले आहेत हो, त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असं म्हणत मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारी.

अर्जाचं उत्तर स्टार चेंबरमध्ये, म्हणजे राजाच्या खास न्यायालयात, मिळालं. राजाच्या न्यायाधीशांवर शिंतोडे उडवले, हा गुन्हा. एक हजार पौंड दंड, कैद, आणि चव्हाट्यावर लाकडी चौकटीत मान अडकवून उभं राहायचं: वेस्टमिन्स्टरला आणि लँकेस्टरला. कान कापायची भाषाही झाली. राजाने कान द्यावा म्हणून गेला, आणि स्वतःच्याच कानांवर बेतलं.

माझ्या व्याख्यानात मी इथे थांबायची, चष्मा काढायची आणि म्हणायची, "अर्ज फाडलात की बारूद येते." कारण पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १६०५ ला, पार्लमेंटच्या तळघरात, राजासकट सगळ्यांना उडवायला कॅथलिक कटवाल्यांनी ठेवलेली, बारुदाची छत्तीस पिंपं सापडली. टाळ्या पडायच्या. वाक्य झकास आहे, फक्त तारखा त्याला साथ देत नाहीत. पाउंडला शिक्षा झाली नोव्हेंबर १६०४ मध्ये. केट्सबी आणि मंडळींनी त्या कटाची शपथ घेतली ती मे महिन्यात, सहा महिने आधी. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून टाळ्या घेतल्या.

तेही एक वेळ पचलं असतं.

तळकोकणातल्या एका वाचनालयात बोलावलं होतं. जुलै महिना, बाहेर धो धो, आत पंचवीस-तीस माणसं आणि लुकलुकणारी ट्यूब. विषय होता फादर स्टीफन्स. मी अर्थातच पाउंडवर घसरले. मार्गारेट झाली, विनंतीपत्र झालं, कान झाले. पहिल्या रांगेत एक आजोबा ओली छत्री गुडघ्यांत धरून बसले होते. प्रश्नोत्तरांत उठले.

"बाई, एक विचारू? आमची देवी मूळ केळशीची. कवळ्याला कशी गेली, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. गोव्यातल्या साष्टीतली देवळं पोर्तुगिजांनी पाडली, त्या धामधुमीत माणसांनी शांतादुर्गा उचलली आणि नदीपार अंत्रूजमध्ये, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, नेली.

"ते तुमचे पाउंड. त्यांनी अर्ज तरी केला. घरात तरी पुजू द्या, असं म्हणायची आमच्यांना सोय होती काय? आणि असती, तर अर्ज घ्यायला टेबलामागे कोण बसलेलं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी आधी म्हटलं की ते पोर्तुगीज सरकार होतं. मग म्हटलं की आमचे पूर्वजही त्याच मातीतले, त्यांना तरी कुठे कोणी विचारलं होतं. दोन्ही खरं आहे. पण सभागृह गप्पच होतं, आणि ते गप्प असणं मला सहन होईना. म्हणून मी तिसरं वाक्य बोलले: "आजोबा, तो काळच तसा होता."

त्यांनी मान डोलावली. "बरं. मग त्या जेम्स राजाचा काळ निराळा होता काय?"

आणि बसले. आभार मानले गेले, नारळ दिला, चहा आला. चहात आलं जास्त झालं होतं. आजोबांनी जाताना मला नमस्कार केला, मीही केला.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात त्यांच्याशी पनवेलपर्यंत भांडले. तीस वर्षं मी मुलांना हेच एक वाक्य लिहू दिलं नव्हतं. उत्तरपत्रिकेत 'तो काळच तसा होता' दिसलं की लाल पेनाने कापून बाजूला 'कोणाचा काळ?' असं लिहायची. मार्गारेटच्या अंगावर वजनं ठेवणाऱ्यांना मी ती सवलत कधी दिली नाही. माझ्या माणसांना मात्र एका ट्यूबलाइटखाली फुकट देऊन टाकली.

आणि फादर स्टीफन्सांचं काय करू? ते उतरले त्याच्या बारा वर्षं आधी साष्टीतली देवळं गेलेली होती. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे लोकांचा धर्म तपासणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून बसलेलं. ते आल्यावर चार वर्षांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. बदल्यात पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार केलं. त्याच साष्टीत फादरांची बहुतेक हयात गेली. ज्यांचा सखा 'चालवून घ्या' एवढंच मागत मान अडकवून उभा राहिला, त्यांना इथे काय चालवून घेतलं जात नाहीय हे दिसत नव्हतं? दिसलं असणार, डोळे होते. लोकांची पुराणं बंद झाली म्हणून लोकांच्याच ओवीत, लोकांच्याच भाषेत पुराण रचलं, यात माया होती असं मला अजूनही वाटतं. पण आधी पुराणं कोणी बंद केली, हे त्या मायेला विचारायचं की नाही?

हे लिहिताना माझ्यातली जुनी मास्तरीण लगेच हात वर करते. म्हणते, दोन्ही पारडी सारखी करू नकोस. लँकेस्टरच्या चव्हाट्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा केळशीशी काय संबंध? खरंच नाही. त्याचं दुःख मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. शिवाय वसईतल्या कोळणीने आणि माळणीने गोव्याच्या विजरईचा हिशेब का द्यावा, हेही मला कोणी पटवलेलं नाही. मग मी विचारते, तो पाउंड तरी तुझा कोण? कुठला हॅम्पशायरचा सरदार! त्याच्या कानांसाठी चष्मा काढायला तू धावतेस, आणि नदीपारच्या देवीचा विषय निघाला की तुझा संबंध नसतो. तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर मात्र पक्कं आहे, ते घेऊन जा. १६६१ च्या तहात पोर्तुगिजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली तेव्हा इथल्या कॅथलिकांना आपला धर्म पाळायची मोकळीक राहील, असं कलम त्यात लिहून घेतलं. माहीमचा कोळी ते लेखी घेऊन बसला होता आणि लंडनचा कॅथलिक दार लावून मिस्सा ऐकत होता. तिकडे त्यांना पार्लमेंटात बसायला १८२९ उजाडलं. आणि इंग्लंडच्या गादीवर कॅथलिक माणूस आजही बसू शकत नाही. तेव्हा 'तुमचेच' म्हणू नका. कंटाळा आलाय.

पाउंड १६१५ मध्ये बेलमाँटला वारला, ज्या खोलीत जन्मला त्याच खोलीत असं सांगतात. स्टीफन्स १६१९ मध्ये गोव्यात. निघताना चुकामूक झालेले हे दोघे पुन्हा भेटले नाहीत.

व्याख्यानं मी अजून देते. बारुदाचं वाक्य काढून टाकलंय. आजोबांचा प्रश्न मी स्वतःच सांगते, त्यांच्याच शब्दांत, आणि त्यावर मी काय बोलले तेही सांगते. त्यानंतर काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. तिथे मी पाणी पिते.