परदेशातील फोन आणि कोल्हापुरातील काउंटर

जर्मनीत विमान उतरल्यावर माझा फोन थोड्याच वेळात सुरू झाला आणि परत येईपर्यंत त्याने विशेष त्रास दिला नाही. जो मनस्ताप झाला तो सगळा कोल्हापुरात, विमानात बसण्याच्या आधी झाला. त्याविषयी सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की, परदेशी निघालेल्या माणसाला रोमिंगचे दर सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आपल्याच गावातील काउंटरवर काय अडते ते कोणी सांगत नाही.

ड्युसेलडॉर्फ येथे दर चार वर्षांनी गिफा हे फौंड्री म्हणजे धातूच्या ओतकामाच्या उद्योगाचे प्रदर्शन भरते. 2023 च्या जूनमध्ये ते भरले तेव्हा मीही तिकडे निघालो होतो. फोनची आखणी साधी होती. माझ्या फोनमध्ये दोन सिम बसतात. एका खणात नेहमीचा भारतीय क्रमांक रोमिंगवर ठेवायचा, तोही केवळ बँकेच्या संदेशांसाठी (एसएमएस) आणि अगदी निकडीच्या कॉलसाठी. आणि दुसऱ्या खणात जर्मनीत घेतलेले सिम घालून नकाशे, व्हॉट्सॲप, ईमेल वगैरे सर्व त्यावर चालवायचे. दोन खण असलेल्या कोणालाही मी आजही हीच पद्धत सुचवीन.

भारतीय सिम घरीच ठेवून जावे, व्हॉट्सॲप तर वायफायवरही चालते, असा सल्ला काही मंडळी देतात. तो मानू नये. परदेशात कार्ड अडले, हॉटेलचे पैसे भरताना बँकेने ओटीपी मागितला, तर तो आपल्या नोंदणीकृत क्रमांकावरच येतो. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून नवे कार्ड हाती येते तेव्हा ते फक्त देशातील एटीएमवर आणि दुकानांतील यंत्रांवर चालते. परदेशातील वापर आपण स्वतः सुरू करावा लागतो आणि माझ्या बँकेत त्यासाठीही ओटीपी लागतो. थोडक्यात, संदेश मिळणे हा या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे, आणि माझे घोडे नेमके तिथेच अडले.

माझे सिम मूळचे मोठ्या आकाराचे. पुढे फोन बदलत गेले तसे ते मोबाईलच्या दुकानात कटरने कापून लहान करून घेतलेले होते. त्याच्या सोनेरी पट्टीची एक कड झिजल्यामुळे फोन मधूनच ‘सिम नाही’ असे दाखवू लागला होता. असे सिम घेऊन परदेशात जाणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून हाताशी भरपूर अवधी असतानाच मी शहरातील मोबाईल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे तिच्या दुकानात, सिम बदलून घेण्यासाठी गेलो. टोकन घेतले, नंबर लागला, आणि काउंटरवरील मुलीने संगणकात पाहून सांगितले, “सर, सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच यावं लागेल.”

क्रमांक वडिलांच्या नावावर होता. मी कॉलेजात असताना त्यांच्या कागदपत्रांवर घेतलेला तो क्रमांक पुढे माझी बँक, आधार, कर भरण्याचे खाते अशा प्रत्येक ठिकाणी नोंदला गेला आणि तो कोणाच्या नावावर आहे याची कोणाला आठवणही राहिली नाही. आपल्याकडे घरोघरी हीच परिस्थिती आहे. म्हणून परदेशी जाण्याचे मनात आले की पासपोर्टाच्या आधी आपला क्रमांक कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.

मी वडिलांना, म्हणजे आबांना, घेऊन पुन्हा गेलो. आबांनी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उभी हयात ओतकामाचे वाळूचे साचे बसवण्यात घालवली आहे, आणि अशा हातांच्या बोटांवर रेषा फारशा शिल्लक राहत नाहीत. काउंटरवरील ठसा घेणाऱ्या काळ्या डबीच्या काचेवर त्यांनी अंगठा ठेवला की लाल दिवा लागे. हात धुऊन येण्यास सांगण्यात आले, मग ओल्या कागदाने बोट पुसण्यात आले, मग एकेक करून दाही बोटे झाली. मागे रांग वाढत होती आणि त्या मुलीचा स्वर हळूहळू असा होऊ लागला होता की जणू आबा मुद्दामच ठसा उमटू देत नाहीत. शेवटी आबा शांतपणे म्हणाले, “यंत्राला ठसा गावंना म्हंजे माणूस बदलला व्हय गं पोरी?” तिने यावर काही उत्तर दिले नाही; उद्या या, सकाळी मशिन चांगले चालते, एवढेच सांगितले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद होता. त्यानंतर सर्व्हर चालू होता, पण ते काम पाहणारा कर्मचारी रजेवर होता. याच मुदतीत व्हिसाचे काम सुरळीत झाले, विम्याचे झाले, तिकिटे झाली. त्यांतले आज मला काही आठवतही नाही. आठवते ती त्या गॅलरीतील जोडलेल्या खुर्च्यांची रांग, तीत मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसलेले आबा, आणि भिंतीवरील पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरणारी घरगुती इंटरनेटची जाहिरात.

निघण्याचा दिवस तोंडावर आला तेव्हा मी आवाज चढवला. मग आतून एक वयस्क गृहस्थ बाहेर आले आणि त्यांनी सहज सांगितले की ठसा जुळत नसेल तर मूळ आधार कार्ड दाखवून आणि ग्राहकाचा तिथल्या तिथे फोटो काढूनही सिम बदलता येते. त्यांनी आबांना टोपी काढायला लावून पांढऱ्या भिंतीसमोर उभे केले, आपल्या फोनवर फोटो घेतला, आधार कार्डाच्या दोन्ही बाजू टिपल्या, आणि सगळे काम चहा पिऊन व्हावा इतक्या वेळात उरकले. हा मार्ग पहिल्या दिवशीही उपलब्ध होता. ज्यांच्या घरी वयस्क किंवा अंगमेहनत केलेली माणसे आहेत त्यांनी काउंटरवर पोहोचताच ‘ठशाशिवायची पद्धत वापरा’ असे स्पष्ट म्हणावे आणि मूळ आधार कार्ड बरोबर न्यावे. झेरॉक्स चालत नाही.

त्या गृहस्थांनी नवे सिम हाती ठेवले आणि “झालं काम” म्हणून निरोप दिला. रात्री जेवणे आटोपल्यावर सिमला रेंज आली आणि एक कॉलही लागला. त्यानंतर कार्डाचा परदेशातील वापर सुरू करावा म्हणून मी बँकेचे ॲप उघडले, तर ॲपने सिम बदलल्याचे ओळखले आणि नव्याने पडताळणी मागितली. या पडताळणीत आपल्या फोनवरून एक संदेश आपोआप बँकेकडे जातो. तो जाईना. यूपीआयच्या ॲपचेही तसेच. संगणकावरून बँकेच्या संकेतस्थळावर गेलो तर ओटीपी येईना. फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुन्हा घातले, दुसऱ्याच्या फोनमध्ये घालून पाहिले. कॉल उत्तम चालत होते, इंटरनेट चालत होते, फक्त संदेश ना येत होते ना जात होते.

सकाळी ग्राहक सेवा केंद्राच्या ध्वनिमुद्रित आवाजांची पायरी एकेक करून चढल्यावर एका जिवंत माणसाने सांगितले की सिम बदलल्यावर पहिले 24 तास येणारे आणि जाणारे दोन्ही प्रकारचे संदेश बंद ठेवण्याचा सरकारी नियम आहे. नियम खरा आहे. दूरसंचार विभागाने तो 2022 च्या अखेरीस लागू केला. दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिम खोटी कागदपत्रे दाखवून काढायचे आणि त्यावर येणाऱ्या ओटीपीने खाते रिकामे करायचे, हा फसवणुकीचा प्रकार वाढला होता. खऱ्या ग्राहकाला सावध होण्यासाठी एक दिवस मिळावा, असा त्यामागचा हेतू आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गॅलरीबद्दल. परदेशी जाण्यासाठी सिम बदलतो आहे हे मी प्रत्येक खेपेला सांगत होतो. तरीही हे एक वाक्य कोणी बोलले नाही आणि इतक्या जाहिरातींच्या गर्दीत या सूचनेचा एक कागदही भिंतीवर नव्हता.

निघण्याचा दिवस त्यामुळे विचित्र गेला. यूपीआय बंद म्हणून एटीएममधून रोख काढून लक्ष्मीपुरीत उरलेली खरेदी केली. बँकेच्या शाखेत गेलो तर तिथेही ओटीपीवरच बोट ठेवले गेले. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघालो तेव्हा कार्ड अजून देशापुरतेच होते. गाडी मिरज, सांगली मागे टाकून पुढे गेल्यावर, डब्यातले दिवे मालवलेले असताना, फोन थरथरला आणि पहिला संदेश आला. मी लगेच ॲपची पडताळणी केली, कार्डाच्या पानावरील परदेशातील वापराची पट्टी सरकवली, ओटीपीचे सहा आकडे भरले आणि मर्यादा ठरवून दिली. सिमचे कोणतेही काम प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी संपवावे, असे मी आता भेटेल त्याला सांगतो.

जर्मनीतील भाग थोडक्यात संपतो. रोमिंगचा पॅक कंपनीच्या ॲपमधून घरूनच घेतला होता. पॅक घेताना देशांच्या यादीत आपला देश आहे ना, आणि मुदत पॅक घेतल्यापासून मोजतात की परदेशातील नेटवर्क पकडल्यापासून, एवढे पाहून घ्यावे. उतरल्यावर फोनने नेटवर्क पकडले नाही, तेव्हा आपोआप निवडीचा पर्याय बंद करून यादीतील नेटवर्क हाताने निवडले आणि काम झाले. भारतीय सिमवरील डेटा रोमिंग मी कायम बंद ठेवले. संदेश घेण्यासाठी डेटा लागत नाही, हे आमच्या गटातील काहींना पटवून द्यावे लागले.

जर्मनीत 2017 च्या मध्यापासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम सुरू होत नाही. त्यामुळे सुपरमार्केटच्या फळीवरून सिम उचलण्यापेक्षा फोनच्या दुकानात पासपोर्ट घेऊन जाणे सोपे पडते. हॉटेलचा पत्ताही जवळ ठेवावा. तिथल्या सिमवरचे इंटरनेट युरोपीय संघाच्या नियमामुळे शेजारच्या नेदरलँड्समध्येही त्याच पैशांत चालले. मात्र स्वित्झर्लंड त्या संघात नाही. व्हिसा तोच चालतो म्हणून सिमही चालेल असे समजून पुढे स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी आपल्या सिमच्या अटी आधी वाचाव्यात. नवे सिम घातल्यावर व्हॉट्सॲपने क्रमांक बदलायचा का असे विचारले, तर जुनाच ठेवावा; संभाषणे, गट सर्व जागच्या जागी राहतात.

एक गोष्ट मध्येच सांगायची राहिली. फोनमधील सर्व क्रमांक निघण्यापूर्वी +91 लावून साठवावेत, नाहीतर परदेशातून साधा दहा आकडी क्रमांक लावला की तो तिथल्याच देशात शोधला जातो. अधिकचे चिन्ह शून्य दाबून धरले की उमटते. आणि रोमिंगवर पॅकबाहेर आलेला कॉल उचलला तरी पैसे कटतात, म्हणून कर्ज देऊ करणाऱ्यांचे अनोळखी कॉल वाजू द्यावेत.

परत आल्यावर क्रमांक माझ्या नावावर करण्याचा अर्ज दिला. त्यासाठी आम्हा दोघांनाही गॅलरीत जावे लागले आणि काळी डबी पुढे येण्याआधीच मी मूळ आधार कार्ड काउंटरवर ठेवले. अर्ज दिल्याची पोच त्यांनी तोंडी दिली, ती मी कागदावर मागून घेतली. ‘सिस्टीममध्ये आहे’ या उत्तरावर विसंबून राहिले, तर पुढच्या खेपेला काउंटरवर बसलेल्या नव्या माणसाला दाखवण्यासारखे आपल्या हाती काहीच उरत नाही.