आधी ठसा, मग खरेदी: छापील कापडासाठी पुण्यात दोन दिवस

एक चूक आधीच कबूल करते. छापील कापडासाठी पुण्यात दोन दिवस काढले, त्यात मी आधी खरेदी केली, मग प्रदर्शन पाहिलं आणि सगळ्यात शेवटी कार्यशाळेला बसले. क्रम नेमका उलटा हवा होता. शनिवारी दुपारी साडेबाराशेला घेतलेली चादर रविवारी सकाळी अकराच्या आत मनातून उतरली. तुम्ही जाणार असाल तर निदान एवढं तरी माझ्यावरून शिका.

मी साताऱ्याची. गोधड्या शिवते, घरच्यांसाठी आणि अधूनमधून ऑर्डरच्याही. जुन्या साड्यांच्या मधे एखादा लाकडी ठशांच्या हातछपाईचा (हँड ब्लॉकचा) पट्टा आला की गोधडी उठून दिसते, म्हणून तसलं कापड मी कायम शोधत असते. जानेवारीत कोथरूडच्या नणंदेचा फोन आला. कापड आणि कागद, दोन्हींवर छापकाम करणाऱ्या एका ताईंचं प्रदर्शन बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात लागलंय, तीनच दिवस, आणि रविवारी त्या स्वतःच्या गच्चीवर बारा जणांना शिकवणार आहेत. "वहिनी, दोन जागा सांगून टाकल्यात, आता नाही म्हणू नका."

साताऱ्याहून पहाटेची स्वारगेट विनाथांबा धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फार मनावर घ्यावा असा नाही. स्वारगेटला उतरलात की रिक्षावाल्यांच्या गराड्यात अडकू नका. भुयारी मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई. तिथून रविवार पेठ आणि तुळशीबाग, दोन्ही पायी. मी मात्र नऊलाच पोचले आणि कापडाची दुकानं काही साडेदहाच्या आत हलेनात.

मधला वेळ शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात काढला. तेही दहाला उघडतं, म्हणजे एक चहा होतोच. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहीत; अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. लोक दिवे आणि अडकित्ते बघायला जातात. मी कोरीव लाकूडकामापुढे जास्त रेंगाळले. वेलीचं पान उठवायचं तर पानाभोवतीचं लाकूड काढावं लागतं, पानाला हात लावायचा नाही. कापडाचा ठसा कोरतानाही हेच, हे मला दुसऱ्या दिवशी कळणार होतं.

रविवार पेठेत कापडगंजात शिरलात तर मांजरपाट, म्हणजे साधं जाडंभरडं सुती कापड, मागा. छापायला शिकताना याच्याइतकं सोशीक कापड नाही. पण खळ, म्हणजे कापड कडक करायला लावलेली पेज, काढलेली आहे का, हे विचारून घ्या. खळीचं कापड रंग पीत नाही, वरच्या वर धरून ठेवतं आणि पहिल्या धुण्यात सोडून देतं. दुकानदार 'सगळं धुतलेलंच आहे ताई' म्हणाला तरी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा वर बसून राहिला तर खळ आहे. मग रात्रभर भिजवायचं आणि सकाळी साबणाच्या पाण्यात उकळून काढायचं. मंडईच्या आसपास काष्ठौषधींची दुकानं आहेत, तिथे हिरडा, मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळं), डाळिंबाच्या साली सुट्या मिळतात. हिरडा तर आपल्याच जिल्ह्याशेजारचा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तो गोळा करणं हे तिथल्या लोकांचं उत्पन्नच आहे.

आता ती चादर. दुपारी नणंद भेटली आणि आम्ही एका हॉलमधल्या हस्तकला प्रदर्शनात शिरलो. हॉलचं नाव लिहीत नाही, कारण तसे हॉल आणि तसे स्टॉल पुण्यात दर शनिवार-रविवार असतात. "हँड ब्लॉक आहे मॅडम, बघा ना, छपाई कशी जराशी हललीय," असं विक्रेत्याने स्वतःहून दाखवलं. खरंच, लाल पान काळ्या रेघेच्या किंचित बाहेर गेलं होतं. हाताचं काम म्हणजे असंच, असं म्हणून मी पैसे दिले. नणंद म्हणाली, "घासाघीस तरी करायची." तीही केली नाही.

तिथून संध्याकाळी बालगंधर्वला. मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन जवळ पडतं; जंगली महाराज रस्त्यावर गाडी लावायच्या फंदात पडू नका. कलादालनात गर्दी नव्हती, त्यामुळे ताई स्वतः बोलायला मोकळ्या होत्या. भिंतीवरच्या बहुतेक कामात कापड आणि कागद यांची जोडी होती: एकच ठसा, एकदा मलमलीवर, एकदा हातकागदावर. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका लांब पट्ट्यापाशी. ठशाला रंग एकदाच लावलेला आणि तो ओळीने नऊ वेळा उठवलेला, मधे पुन्हा रंग न घेता. पहिलं फूल भरलेलं, चौथं बरोब्बर, सातव्यात लाकडाच्या शिरा दिसायला लागल्या आणि नववं म्हणजे फक्त ठशाची कड. नणंद म्हणाली, रंग संपत आलेलं पेनच की हे. ताई हसल्या, हे काम विकायचं नाही म्हणाल्या.

कागदावरच्या छाप्यांखाली पेन्सिलीने ३/१५ असे आकडे होते. पंधरा प्रती काढल्या, त्यातली ही तिसरी, आणि सोळावी निघणार नाही, असा तो शब्द असतो. किंमत ऐकून दचकण्याआधी हा आकडा बघायचा. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा. ती १९४० पासूनची आहे, आणि छापकामाची आवड असेल तर तिकडे एक फेरी मारण्यासारखी आहे. पुण्याचं आणि छापील चित्राचं नातं त्याहून जुनं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळा या छापखान्याची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, देवादिकांची चित्रं घरोघरी भिंतींवर होती. आमच्या आजोळी त्यांतलंच एक असावं असं मला वाटतं, पण आता विचारायला कोणी नाही.

रविवारी नऊला कर्वेनगरच्या गच्चीवर. फी दोघींची मिळून छत्तीसशे, सामान त्यातच. लांब टेबलावर खाली गोणपाट, वर घोंगडी, त्यावर धुतलेलं जुनं कापड. छपाईला खालून असा मऊपणा लागतो, नाहीतर ठशाचा मधला भाग उठतच नाही. रंगाचं तबक म्हणजे लाकडी ट्रे, त्यात रंग, रंगावर बांबूची जाळी आणि जाळीवर लोकरीचा तुकडा. ठसा त्या लोकरीवर टेकवायचा, बुडवायचा नाही.

कापड ताईंनी आधीच हिरड्याच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेलं होतं, फिक्कट पिवळं. काळा रंग गंजाचा: गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून दोन आठवडे झाकून ठेवायचे, मग ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करायचं. वास असा की नणंदेने पदर नाकाला लावला. तबकात तो रंग मळकट चहासारखा दिसतो आणि ठसा उचलला की कापडावर बघता बघता काळाभोर होतो. हिरड्यातल्या तुरटपणाची आणि लोखंडाची गाठ पडते म्हणून. जुनी शाई अशीच करत.

माझी पहिली चार फुलं दुहेरी उठली. "ठेवा, आणि मुठीच्या कडेने एकदाच ठोका. ढकलू नका," असं ताईंनी तीनदा सांगितलं. पोळी लाटणाऱ्या हाताला ढकलायची सवय, ती जाता जात नाही. ठशाच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब असतं. पुढचा ठसा त्या टिंबावर बसवला की ओळ सरळ जाते. दोन ठसे मिळतात तिथे रेघ जराशी जाड होते किंवा केसाएवढी फट राहते. तो सांधा. एका मीटरला माझे साठ ठसे लागले आणि दीड तास. खांदा भरून आला.

चहाच्या वेळी मी चादर काढली. ताईंनी ती उन्हात धरली आणि म्हणाल्या, "सांधा दाखवा बरं." सापडेना. मग त्यांनी टेप आणली. लाल पान जिथे काळ्या रेघेबाहेर गेलं होतं, तिथून दोन फुटांवर ते पुन्हा तितकंच, त्याच बाजूला बाहेर होतं. पुढच्या दोन फुटांवर पुन्हा. म्हणजे हललेला हात नव्हेच. छपाईच्या मशीनच्या जाळीवरच कोरलेला हललेला हात, म्हणून दर फेऱ्याला तोच. एक गोष्ट लक्षात ठेवा: ठशात टवका उडालेला असेल तर तो प्रत्येक छाप्यात दिसणारच, त्यावरून काही ठरत नाही. बदलायला हवा तो रंगाचा भर, ठशाचा कल आणि सांध्याची जागा. मशीनच्या छपाईत काय वाईट आहे, असं ताईच म्हणाल्या; मशीनच्या छपाईच्या भावात घेतली असती तर चांगलीच चादर होती.

लाल रंगाचा भाग एका दिवसात होत नाही, हे नाव नोंदवतानाच कळलेलं बरं. तुरटीच्या लगद्याने छापायचं, तो जवळजवळ दिसत नाही म्हणून त्यात चिमूटभर गेरू. मग निदान रात्रभर वाळू द्यायचं, धुवायचं आणि मंजिष्ठात तापवायचं, म्हणजे छापलेल्या जागी लाल चढतो. टीव्हीवरच्या पाककृतीसारखा ताईंनी आधीचा एक तुकडा तयार ठेवला होता, तो आमच्यासमोर रंगवला. आमचे आम्ही घरी नेले. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, फुटली की लाल विटकरी होतो. पातेलं स्टीलचं आणि पुन्हा स्वयंपाकाला न वापरायचं. लोखंडी कढईत रंग काळवंडतो. आणि सोसायटीतल्या ज्या बोअरच्या जड पाण्याला सगळे शिव्या घालतात, ते मंजिष्ठाला मानवतं.

जाताना जुने कपडे, टोपी आणि डबा न्या. गच्चीवर जानेवारीतलं ऊनही दुपारी चटका देतं. ठसा विकत घ्यायचा तर एकच घ्या, किनारीचा, सागवानी किंवा शिसवी, आणि सपाट फरशीवर ठेवून डुगडुगत नाही ना ते बघा. नवा असेल तर वापरण्याआधी तेलात मुरू द्यावा लागतो. डिसेंबरात येणार असाल तर शिवाजीनगरला भीमथडी जत्रेची, म्हणजे गावाकडच्या वस्तू आणि खाण्याच्या स्टॉलच्या प्रदर्शनाची, तारीख साधा. बचत गटांच्या बायकांशी थेट बोलता येतं. फक्त पोट रिकामं ठेवून जा आणि खरेदी जेवणाआधी उरका, हात तेलकट होतात.

माझा तुकडा पुढच्या गुरुवारी रंगला. दुहेरी उठलेली फुलं सगळ्यात लाल आली आहेत. त्याचा पट्टा गोधडीच्या मधोमध लावलाय. चादरही वाया गेली नाही, ती त्याच गोधडीच्या आतल्या थरात आहे.