आमची वाटचाल : कोल्हापुरातील एक कौटुंबिक फोटो स्टुडिओ

कोल्हापुरात महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात आमच्या वडिलांनी १९७९ साली स्टुडिओ सुरू केला आणि आज तो मी व माझी धाकटी बहीण मिळून चालवतो. एका घरातील माणसांना एकत्र बसवून त्यांचा फोटो काढणे, तो चांगल्या कागदावर छापून फ्रेम करून देणे आणि खराब झालेले जुने कौटुंबिक फोटो दुरुस्त करणे, एवढेच काम आम्ही करतो. इतक्या वर्षांत फोनवरचा पहिला प्रश्न बदललेला नाही : ‘ग्रुप फोटोचे किती घेता?’ दर विचारायलाच हवा; परंतु पुढची पंचवीस-तीस वर्षे भिंतीवर राहणाऱ्या फोटोचा निर्णय तेवढ्या एका उत्तरावर होऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते. त्यामुळे व्यवसायाची हकिगत सांगताना, कौटुंबिक फोटोसाठी फोटोग्राफर निवडताना नेमके काय पाहावे हेही येथे लिहीत आहे.

वडिलांचा मूळ हात रंगाचा. कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवण्याची परंपरा मोठी. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे सिनेमाकडे वळण्यापूर्वी त्याच कामासाठी नावाजलेले होते. वडिलांनीही उमेदवारीची काही वर्षे एका पडदे रंगवणाऱ्या कारागिराकडे काढली होती, आणि स्टुडिओतला पहिला पडदा, ज्यावर संगमरवरी जिना आणि मागे धूसर बाग होती, त्यांनी स्वतः रंगवला. त्या काळात १२० चा फिल्म रोल वापरत. त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बाराच फोटो निघत आणि रोलचा खर्च ध्यानात घेता एका कुटुंबाच्या वाट्याला दोन, फार तर तीन फोटो येत. त्यामुळे बटण दाबण्याआधीचे कामच मोठे असे. कोण कोणाशेजारी बसणार, थोरल्या जावेच्या मागे कोण उभे राहणार, आजोबांची काठी हातात ठेवायची की बाजूला, नऊवारीचा काठ दिसतो की खुर्चीखाली दबतो, हे सगळे पाहून झाल्यावरच ते कॅमेऱ्यापाशी जात.

डार्करूममध्ये त्यांची एक शिस्त होती आणि तिचे मोल आम्हाला फार पुढे कळले. ब्रोमाइड कागदावरचा कृष्णधवल फोटो हायपोतून, म्हणजे तो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढल्यावर तो वाहत्या पाण्यात किती वेळ धुतला जातो, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. कागदात हायपो राहिला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, डाग धरतो. वडील घाई करत नसत. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी असले तर गिऱ्हाइकाला दोन दिवस उशिरा या म्हणत, पण अर्धवट धुतलेला फोटो देत नसत. त्यांनी १९८० च्या सुमारास छापलेले फोटो आजही दुरुस्तीसाठी आमच्याकडे येतात, तेव्हा काच फुटलेली असते, पुठ्ठ्याला वाळवी लागलेली असते, पण चेहरे बहुधा स्वच्छ असतात.

त्यानंतर रंगीत फोटो आले, शहरात कलर लॅब निघाल्या आणि आमची डार्करूम हळूहळू बंद पडली. पहिल्या काळातल्या रंगीत फोटोंचे रंग टिकाऊ नव्हते. त्या वेळचे अनेक अल्बम आता उघडले तर सगळे चेहरे तांबूस दिसतात, कारण कागदातले निळसर रंगद्रव्य आधी उडून जाते. डिजिटल कॅमेरा आल्यावर बाराच्या जागी शेकडो फोटो काढता येऊ लागले आणि मोबाइल आल्यावर तर स्टुडिओत येण्याचे कारणच उरले नाही, असे पुष्कळांना वाटू लागले. मधली काही वर्षे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लग्नाच्या ऑर्डरी यांवर दुकान चालले. लग्नाच्या कामात पैसा होता, परंतु एका मुहूर्तावर तीन ठिकाणी माणसे पाठवावी लागत आणि ज्यांच्याशी बोलणे झाले ते आम्ही, तर प्रत्यक्ष फोटो काढणारा कुणी तिसराच, असे होऊ लागले. बहीण उपयोजित कला शिकून व्यवसायात आली, तेव्हा तिने हे काम सोडून फक्त कौटुंबिक फोटो करण्याचा आग्रह धरला. उत्पन्न एकदम खाली आले. ती दोन वर्षे कठीण गेली हे खरे. पण बारसे, एकसष्टी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, गौरी-गणपतीला पुण्या-मुंबईहून आणि परदेशातून जमणारी भावंडे, अशी कामे एका घरातून दुसऱ्या घरात सांगोवांगी पोहोचत गेली.

आमच्या कामाला खरे वळण दिले ते २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; त्या वेळी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावे आणि शिरोळ तालुक्याचा मोठा भाग अनेक दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर लोक घर धुऊ लागले आणि चिखलाने माखलेले अल्बम प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून आमच्याकडे येऊ लागले. शेतीचे, जनावरांचे, घराचे एवढे नुकसान झालेले असताना माणसे फोटोसाठी डोळ्यांत पाणी आणत होती, आणि त्या महिनाभरात आम्ही दुसरे कोणतेही काम घेतले नाही.

तेव्हा जे शिकलो ते सांगतो, कारण पूर २०२१ मध्ये पुन्हा आला आणि पुढेही येऊ शकतो. ओले झालेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. ते ओले असतानाच स्वच्छ, थंड पाण्यात अलगद सुटे करावेत, छापलेल्या बाजूला बोट लावू नये आणि सावलीत, चेहरा वर करून सपाट वाळवावेत. दोन दिवसांच्या आत एवढे जमणार नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते. फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट त्याचा फोटो काढून नवी प्रत करता येते. त्या ढिगाऱ्यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसली : चांगल्या धुतलेल्या जुन्या ब्रोमाइड प्रती बऱ्याच वाचल्या, लॅबमधले रंगीत फोटो निम्मेशिम्मे वाचले, आणि स्वस्त शाईच्या प्रिंटरवर छापलेल्यांची शाई पाण्याबरोबर वाहून गेली. शिवाय काही तरुण घरांत छापील फोटोच नव्हता. जे होते ते एका मोबाइलमध्ये होते आणि तो मोबाइल पाण्यात गेला होता.

तेव्हापासून कुणी कौटुंबिक फोटोसाठी आले की आम्ही पहिला प्रश्न हा विचारतो, की हा फोटो कुठे लावणार आणि दुसरी प्रत कोणाच्या घरी राहणार. एक प्रत गावाकडच्या घरी आणि एक शहरातल्या मुलाकडे किंवा लेकीकडे असावी, असा आमचा आग्रह असतो. तुम्ही ज्या फोटोग्राफरकडे जाल त्यालाही हे विचारा : कोणत्या कागदावर, कोणत्या शाईने छापता; मूळ फाइल पूर्ण आकारात देता का; तुमच्याकडे ती किती दिवस आणि किती ठिकाणी जपून ठेवता. बारा बाय अठरा इंचांचा फोटो स्वच्छ छापायचा तर साधारण ३६०० बाय ५४०० पिक्सेलची फाइल लागते, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली फाइल आकसलेली असल्याने त्या कामाला पुरत नाही. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर दर कितीही कमी असला तरी थोडे थांबावे.

काम पाहण्याचीही एक रीत आहे. बहुतेक जण फोटोग्राफरच्या पेजवरचे निवडक फोटो पाहतात, त्यात हसरे बाळ असते किंवा संध्याकाळच्या उन्हातले जोडपे असते, आणि ते सुंदरच असते. पण एका माणसाचा फोटो चांगला काढणे आणि अठरा माणसांचा फोटो चांगला काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. म्हणून एखाद्या मोठ्या कुटुंबाचा पूर्ण संच, निवड न केलेला, त्या घराच्या संमतीने दाखवायला सांगा. त्यात कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे आधी पाहा. जागा कमी म्हणून वाइड लेन्स लावली असेल तर टोकाची माणसे रुंद दिसतात, डोकी ताणली जातात; घरच्या सुना बहुधा कडेलाच उभ्या असतात, आणि आयुष्यभर भिंतीवर त्यांनीच जाड का दिसावे? मग मागची रांग पाहा, ती पुढच्या रांगेइतकी स्पष्ट आहे का. चष्म्याच्या काचांवर फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे का, पैठणीच्या जरीवर प्रकाश सांडून तिचा पोत नाहीसा झाला आहे का, आणि भिंतीच्या हिरव्या रंगाची छटा गालांवर उतरली आहे का, हेही पाहा. सर्वांत शेवटी त्वचेचा रंग पाहा. सावळ्या माणसाला गोरे करून दाखवणारा फोटोग्राफर कौटुंबिक फोटोसाठी निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. गिऱ्हाइकाने सांगितले तरी आम्ही तसे करत नाही. पुळी काढतो, सुरकुती ठेवतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो माणूस तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांशी आणि लहानग्यांशी कसा वागतो. गेल्या वर्षी गगनबावड्याच्या वाटेवरील एका गावात सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो होता. आजींना गुडघ्यांमुळे फार वेळ बसवत नव्हते. बहिणीने आधी सोप्यात उजेड कुठून येतो ते पाहिले, दाराशी खुर्ची मांडली, तीवर नातसुनेला बसवले आणि तिच्याभोवती सगळे घर उभे केले; प्रकाश, अंतर, रांगा सारे जुळल्यावर नातसून उठली, आजी येऊन बसल्या आणि अगदी शेवटी पणतू त्यांच्या मांडीवर आला. आजींची नजर काही केल्या पणतवावरून हटेना. ‘आजी, जरा इकडं बघा की,’ असे आठ जण एकदम म्हणू लागले, तेव्हा बहिणीने सगळ्यांना गप्प केले आणि बाकीच्यांना कॅमेऱ्याकडे पाहायला सांगून तसाच फोटो काढला. त्यानंतर आजी आपणहून वर पाहू लागल्या. घरच्यांनी भिंतीसाठी पहिला फोटो निवडला. ज्येष्ठ आणि लहान मुले शेवटी आणायची, हा वडिलांचा नियम आम्ही कधी मोडलेला नाही. ठरवण्यापूर्वी फोटोग्राफरला घरी बोलावून किंवा स्टुडिओत जाऊन दहा मिनिटे बोला आणि तो घरात वयस्कर कोण, चालता कोणाला येत नाही, बाळ झोपते कधी, हे विचारतो का ते पाहा.

व्यवहाराचे मुद्दे कागदावर घ्यावेत. प्रत्यक्ष कोण येणार, किती फोटो नीट करून मिळणार, कोणत्या आकाराच्या किती प्रती, किती दिवसांत, आणि विसार परत मिळतो की नाही, एवढे लिहिलेले असले की पुढे शब्द वाढत नाहीत. आणखी एक बाब बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि त्याविरुद्ध करार झालेला नसला तर त्या फोटोचा पहिला हक्कधारक फोटो काढून घेणारा असतो. म्हणून सही करण्यापूर्वी अटी वाचा. हक्क फोटोग्राफरकडे राहील असे बारीक अक्षरांत लिहिलेले असू शकते. तुमच्या मुलांचे फोटो तो स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरणार असेल तर तुमची लेखी संमती घेतली पाहिजे, असे आम्ही मानतो आणि आमच्या पावतीवर त्यासाठी वेगळी ओळ ठेवली आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचा दर आम्ही वाढवत नाही.

सध्या आम्ही वडिलांच्या काळातील निगेटिव्ह स्कॅन करत आहोत. पाकिटांवर त्यांच्या अक्षरात कुटुंबाचे आडनाव, पेठ आणि साल लिहिलेले आहे. ज्यांनी त्या काळी आमच्याकडे फोटो काढला होता त्यांनी आडनाव आणि अंदाजे साल कळवावे, सापडल्यास नवी प्रत केवळ छपाईच्या खर्चात देतो. गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीतील तारखा लवकर भरतात, कारण एका दिवसात आम्ही दोनच कुटुंबे घेतो. ज्यांना पन्हाळ्यावर ड्रोन उडवून किंवा रंकाळ्यावर पळता-उड्या मारतानाचे फोटो हवे असतात, त्यांना आम्ही शहरातील त्या कामात हात बसलेल्या दोघा-तिघांचे नंबर देतो. ते काम आमचे नव्हे आणि ते त्यांच्याकडे उत्तम होते.