गळ्यातला मेगर

भोसरीतील आमच्या कारखान्यात इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का हे तपासणारे उपकरण, वायरमनच्या तोंडी असलेला मेगर, तयार होतो. 2013 साली त्यासाठी औद्योगिक डिझायनर बोलवावा असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स विभागप्रमुखांनी विचारले, "डबा देखणा झाला म्हणून रीडिंग सुधारणार आहे का?" प्रश्न रास्त होता, कारण माझीही अपेक्षा देखण्या डब्यापलीकडे नव्हती. लघुउद्योगांसाठीच्या डिझाइन क्लिनिक योजनेत मंजूर खर्चाचा 60 टक्के भाग केंद्र सरकार उचलत असल्याने मालक राजी झाले. कागदपत्रे जमवण्यात मात्र चार महिने गेले.

आलेल्या डिझायनर बाईंनी पहिले दोन आठवडे पेन्सिल हातात धरली नाही. त्या वायरमनबरोबर सबस्टेशनांतून हिंडल्या. परत आल्यावर त्यांनी एकच छायाचित्र दाखवले. दोन्ही हातांत प्रोब, म्हणजे तपासायच्या जागी टेकवायच्या वायरींची टोके, धरावे लागत असल्यामुळे वायरमनने मेगर सुतळीने गळ्यात अडकवला होता, आणि तो उचलून पाहताना त्याला आकडे उलटे दिसत होते. आम्ही तो मेगर दहा वर्षे विकत होतो.

उपाय सांगायला सोपा होता: पट्ट्याचे हूक खालच्या टोकाला न्यायचे, म्हणजे आकडे सुलट दिसतील आणि वायरीही छातीवरून न येता समोर निघतील. पण त्या टोकाला बॅटरीचा कप्पा होता. तो मागे सरकवायचा तर आतला सर्किट बोर्ड नव्याने मांडावा लागणार, आणि 1000 व्होल्टच्या भागाभोवती सोडलेल्या अंतरात तडजोड चालणार नव्हती. आठवडाभर वाद झाला. शेवटी विभागप्रमुखांनी फोमचा नमुना स्वतः गळ्यात घातला, दोन्ही हात पुढे करून खाली पाहिले आणि बोर्डासाठी पंधरा दिवस मागितले.

डब्याच्या साच्याने पुढे वेगळाच त्रास दिला. आतल्या रिब, म्हणजे डब्याला बळकटी देणाऱ्या उभ्या पट्ट्या, भिंतीइतक्याच जाड ठेवल्याने पहिल्या ट्रायलमध्ये दर्शनी बाजूवर खळगे उमटले; रिब निम्म्या करण्यासाठी साच्यात वेल्डिंगने पोलाद भरावे लागले. ही चूक आमचीच होती, बाईंनी जाडी लिहून दिली होती.

विक्री विभागाला नमुना लगेच प्रदर्शनात मांडायचा होता, परंतु आधी जाहीर झालेल्या डिझाइनची नोंदणी धोक्यात येते, म्हणून अर्ज दाखल होईपर्यंत मी तो कपाटात ठेवला. डिझाइन कायदा, 2000 नुसार 10 वर्षांचे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी 5 वर्षांचे संरक्षण मिळते, तेही केवळ बाह्यरूपाला. हूक खालच्या टोकाला नेण्याची कल्पना त्यात बसत नाही.