एल5 एकदाचा धरला, बायडू 37 वरच थांबतोय, नाविकचं काम चालू: ट्रॅकिंग अपडेट

नेव्हिगेशन उपग्रहांचे, म्हणजे अमेरिकेचं जीपीएस, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू आणि आपलं नाविक यांचे सिग्नल रिसीव्हर मॉड्युलवर धरून तपासायचं काम मागच्या वेळेपासून बरंच पुढे सरकलंय, सगळं एकत्रच टाकतो. (एल1 आणि एल5 म्हणजे हे उपग्रह ज्यांवर पाठवतात ते दोन फ्रिक्वेन्सी बँड.) ज्यांच्याकडे एक जुना सिंगल बँड आणि एक नवा ड्युअल बँड मॉड्युल आहे त्यांनी आपापले लॉग जरूर ताडून बघा.

आधी पद्धत. डेटाशीटवर चारही सिस्टीमची नावं छापलीत म्हणजे रिसीव्हर कम्पॅटिबल झाला असं मी धरतच नाही. सेलेस्ट्रॅक साइटवरून ताजे टीएलई (उपग्रहांच्या कक्षांचे आकडे) घ्यायचे, जीप्रेडिक्ट या ट्रॅकिंग प्रोग्रॅममध्ये टाकायचे, या क्षणी क्षितिजापासून 15 अंशांच्या वर कोण कोण आहे ती यादी काढायची आणि त्याच वेळी रिसीव्हरचा एनएमईए लॉग (रिसीव्हर ठरावीक फॉरमॅटमध्ये ओळीओळीने देतो ती माहिती) चालू ठेवायचा. जीएसव्ही ओळीत रिसीव्हरला माहीत असलेले उपग्रह येतात, जीएसए ओळीत फिक्ससाठी, म्हणजे आपली जागा काढण्यासाठी वापरलेले. आता तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या की बोलायला लागतात बघा: डोक्यावर आहे पण जीएसव्हीत नाही तर त्या उपग्रहाचा नंबर फर्मवेअरला (रिसीव्हरमधल्या सॉफ्टवेअरला) माहीत नाही किंवा सिग्नल अँटेनातच अडकतोय, आणि जीएसव्हीत 40 डीबी-हर्ट्झच्या वर सिग्नल दाखवून जीएसएत नसेल तर आधी हेल्थ फ्लॅग (सिग्नल वापरण्यालायक आहे का ते सांगणारी उपग्रहाची खूण) बघायचा.

बायडूचं कोडं असंच सुटलं. जुन्या मॉड्युलच्या लॉगमध्ये 37 च्या पुढचा एकही नंबर येत नव्हता, आणि जीप्रेडिक्टमध्ये मात्र सी41 ते सी46 मधले दोन-तीन चांगले उंचावर. हे उपग्रह जुना मॉड्युल धरतो त्या बी1आय म्हणजे 1561.098 मेगाहर्ट्झवर पण पाठवतात, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच नाही. बायडूच्या आधीच्या स्पेसिफिकेशनमध्ये उपग्रह ओळखायचे 37 च कोड होते, तिसऱ्या पिढीसाठी ते 63 केले, आणि जुन्या फर्मवेअरमध्ये अजून तोच जुना तक्ता आहे. सेकंडहँड मॉड्युल घेताना ही गोष्ट आधी तपासा, नाहीतर बायडू-3 चे 37 च्या पुढचे सगळे उपग्रह हातचे जातात.

सगळ्यात जास्त वेळ एल5 ने खाल्ला पण मजाही त्यातच आली. नुसत्या एल1 साठी बनवलेल्या अँटेनातला फिल्टर 1176.45 मेगाहर्ट्झ पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे रिसीव्हर कितीही भारी असला तरी उपयोग शून्य. ड्युअल बँड अँटेना लावला आणि गॅलिलिओचा ई5ए, बायडूचा बी2ए हे याच फ्रिक्वेन्सीवरचे सिग्नल लगेच आले. जीपीएसचा एल5 पण आला, सिग्नल मस्त, पण रिसीव्हर तो वापरेना! कारण जीपीएसचा एल5 अजून प्री-ऑपरेशनल (अधिकृत सेवेत न आलेला) धरतात आणि त्याच्यावर अनहेल्दी फ्लॅग लावलेला असतो. काही रिसीव्हरमध्ये एल1 ची हेल्थ एल5 ला लागू करायची सेटिंग असते, ती केली आणि गाडी सुरू. अर्थात सगळ्या जीपीएस उपग्रहांकडून एल5 ची अपेक्षा नको, 2010 पासून उडायला लागलेल्या ब्लॉक 2एफ आणि त्यानंतरच्यांकडेच तो आहे.

इथे लॉग वाचताना एक सांभाळा. नव्या एनएमईएत जीएसव्हीच्या शेवटी सिग्नल आयडी येतो, पण जीपीएससाठी 1 म्हणजे एल1 सी/ए आणि गॅलिलिओसाठी 1 म्हणजे ई5ए, गॅलिलिओचा ई1 (त्यांचा एल1 बँडवरचा सिग्नल) हा 7 आहे. आणि जीएसए फक्त उपग्रह सांगते, कुठला सिग्नल वापरला ते नाही, त्यासाठी रिसीव्हरचे स्वतःच्या फॉरमॅटमधले बायनरी मेसेजच बघावे लागतात.

दोन अँटेना एकाच रिसीव्हरवर ताडायचे असतील तर दुसऱ्या दिवशीचा लॉग 4 मिनिटं आधी सुरू करा. जीपीएसची कक्षा 11 तास 58 मिनिटांची असल्यामुळे दोन फेऱ्या 23 तास 56 मिनिटांत होतात आणि तीच मांडणी रोज 4 मिनिटं आधी येते, म्हणजे तोच उपग्रह त्याच कोनात मिळतो आणि फरक खरोखर अँटेनाचाच दिसतो.

याद्यांमधला प्रत्येक फरक म्हणजे बिघाड नाही हेही सांगायला हवं. गॅलिलिओचे ई14 आणि ई18 ऑगस्ट 2014 मध्ये चुकीच्या लंबगोल कक्षेत गेले, सिग्नल पाठवतात पण नेहमीच्या सेवेत नाहीत. रिसीव्हर त्यांना फिक्समध्ये घेत नसेल तर तो बरोबर वागतोय, मी तर यांना चाचणीसाठीच वापरतो.

नाविकबद्दल सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. आधीचे आयआरएनएसएस (नाविकचं जुनं नाव) उपग्रह एल5 आणि एस बँडवरच बोलतात, एल1 आला तो 29 मे 2023 ला गेलेल्या एनव्हीएस-01 पासून. एनव्हीएस-02 जानेवारी 2025 मध्ये गेला पण कक्षा उंचावता आली नाही. त्यामुळे 'नाविक सपोर्ट' वाचून नुसता एल1 रिसीव्हर घेऊ नका, एल5 हवाच. लॉगमध्ये जीआय ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा, आणि त्या दिसल्याच नाहीत तर आधी एनएमईए व्हर्जन 4.11 वर सेट करून बघा, जुन्या व्हर्जनमध्ये नाविकला स्वतःचा आयडीच नाही. माझ्याकडे जीआय ओळी येतायत, सिग्नलही स्थिर आहे, आता नाविक धरून आणि न धरून फिक्स किती हलतो त्याचे लॉग घेतोय. कुणाकडे एनव्हीएस-01 चा एल1 डिकोड झालेला लॉग असेल तर फर्मवेअर व्हर्जनसकट टाका.